जनित्राचा जमाखर्च

दिनांक २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये या गावी डोंगराचा कडा खचला आणि गावाची एक वाडी दरडीखाली गाडली गेली. ऐंशीहून अधिक माणसे त्या एका आघातात गेली. त्याच दिवशी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले होते. महाड-पोलादपूर परिसरातील रस्ते पाण्याने आणि दरडींनी अडले होते, वीज गेली होती, मोबाइलचा संपर्क तुटला होता. बचाव पथकांना तळीयेपर्यंत पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गावांनी अनेक रात्री अंधारात काढल्या.

अशा आपत्तीनंतर कोकणातील व्यापारी कुटुंबांत जनरेटर घेण्याचा विचार होतो. दुकानात शीतकपाट असते, घरात वृद्ध माणूस असतो, कोणाला श्वासासाठी यंत्र लागते. विचार रास्तच आहे. परंतु जनरेटर ही वस्तू पंख्याप्रमाणे बटण दाबून विसरून जाण्यासारखी नाही. ती आत कशी चालते हे ठाऊक असले, तर ती कोठे ठेवावी, तिच्यावर किती भार टाकावा आणि तिच्यामुळे परक्याचा जीव कसा जाऊ शकतो, हे आपोआप उमगते.

टांकसाळ नव्हे, सराफाची पेढी

जनरेटरला मराठीत जनित्र म्हणतात. या शब्दाने एक गैरसमज होतो, की हे यंत्र शून्यातून वीज जन्माला घालते. वस्तुतः जनित्र ही टांकसाळ नाही, ती सराफाची पेढी आहे. एका चलनातील नाणे द्यावे, त्याच मोलाचे दुसऱ्या चलनातील नाणे घ्यावे, आणि या अदलाबदलीत पेढीचा बट्टा कापला जावा, इतकाच तो व्यवहार. येथे दिलेले नाणे म्हणजे फिरण्याची गती आणि घेतलेले नाणे म्हणजे वीज. गती इंजिनाने द्यावी, पाण्याने द्यावी, वाफेने द्यावी किंवा वाऱ्याने द्यावी. जनित्राला त्याचे सोयरसुतक नसते. त्याला दांडा फिरलेला हवा.

ही अदलाबदल ज्या नियमाने होते तो मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली शोधून काढला. तांब्याच्या तारेचे वेटोळे घेतले आणि त्याजवळ चुंबक नुसते ठेवले, तर काहीही घडत नाही. चुंबक कितीही बलवान असो, ते स्थिर असेपर्यंत तार निपचित राहते. चुंबक आत सरकवले की क्षणभर वीज वाहते, थांबवले की थांबते, बाहेर ओढले की पुन्हा वाहते, मात्र उलट दिशेने. म्हणजे वीज चुंबकाच्या असण्याने उत्पन्न होत नाही. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय बल बदलत असेल, तेवढाच वेळ ती उत्पन्न होते. जेवढा बदल वेगवान, तेवढा दाब अधिक. पुढच्याच वर्षी पॅरिसमधील पिक्सी नावाच्या उपकरण बनविणाऱ्या कारागिराने हाताने चुंबक फिरविण्याचे यंत्र तयार केले आणि फॅरडेच्या नियमाला चालते रूप दिले.

जुन्या पिढीतील वाचकांनी हे यंत्र स्वतः वापरलेले आहे. सायकलच्या चाकाला टेकणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो म्हणजे एक छोटेसे प्रत्यावर्ती जनित्रच. त्याच्या पोटात चुंबक फिरते, भोवती वेटोळे स्थिर असते, आणि दिवा लागतो. चढावर दिवा मंद होई आणि उतारावर प्रखर, हे अनेकांना आठवत असेल. तो फॅरडेचा नियमच होता.

दिशा का पालटते

प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील एसी, यातील "प्रत्यावर्ती" या शब्दाचा अर्थ उलटसुलट वाहणारा. त्यासाठी मुद्दाम काही करावे लागत नाही. फिरण्याच्या क्रियेतच ते अनुस्यूत आहे. चुंबकाचे उत्तर टोक वेटोळ्याजवळ येऊ लागले की प्रवाह एका दिशेने वाहतो. ते अगदी समोर आले की त्या क्षणी चुंबकीय बल सर्वाधिक असते, पण बदल शून्य असतो, म्हणून वीजही शून्य. ते दूर जाऊ लागले की प्रवाह उलटतो. मग दक्षिण टोक पुढे येते आणि उलट दिशेचा जोर वाढतो, आणि पुन्हा उत्तर टोकाची पाळी येते. अशी एक फेरी पूर्ण झाली की प्रवाहाचे एक आवर्तन पूर्ण होते.

भारतात सेकंदाला ५० आवर्तने ठरलेली आहेत. दोन ध्रुवांचे चुंबक असेल तर सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या घ्याव्या लागतात. पेट्रोलवर चालणारे हातात उचलून नेण्याजोगे बरेचसे छोटे जनरेटर याच वेगाने फिरतात. म्हणून त्यांचा आवाज कर्कश असतो आणि झीजही लवकर होते. चार ध्रुव बसवले तर एका फेरीत दोन आवर्तने मिळतात आणि १५०० फेऱ्यांत काम भागते. दुकानासाठी घेतला जाणारा डिझेल संच सामान्यतः या प्रकारचा असतो. जलविद्युत केंद्रातील अवाढव्य यंत्र सावकाश फिरते, म्हणून तेथे ध्रुवांची संख्या वाढवतात; १२ ध्रुव असतील तर ५०० फेऱ्या पुरतात. खरेदीच्या वेळी पाटीवर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा पाहिला, तर यंत्र किती काळ सुखाने चालेल याचा अंदाज बांधता येतो.

मोठ्या यंत्रात कायम चुंबकाऐवजी विद्युत चुंबक असते, म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तार. तिच्यात प्रवाह सोडला की गाभा चुंबक होतो. हा प्रवाह कमीजास्त करून विजेचा दाब स्थिर राखणारा एक नियामक संचात असतो. कारागीर त्याला एव्हीआर म्हणतात. मात्र सुरुवातीस लागणारे किंचित चुंबकत्व गाभ्यात आधीच शिल्लक असावे लागते. संच वर्षभर बंद पडून राहिला तर कधी कधी हे शिल्लक चुंबकत्व क्षीण होते. मग इंजिन ठणठणीत चालते, पण दिवा लागत नाही. यंत्र बिघडलेले नसते. त्याचे आरंभीचे भांडवल संपलेले असते. जाणकार कारागीर बॅटरीचा क्षणिक प्रवाह देऊन ते पुन्हा उभे करतो.

ओझे कोण वाहतो

सायकलच्या डायनॅमोची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तो चाकाला टेकवला की पाय जड होत. त्यातील थोडा भाग घर्षणाचा असे. पण दिव्याची तार तोडून टाकली, तर डायनॅमो चाकाला टेकलेला असूनही पायावरचे ओझे कमी होते. कारण असे, की वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की ते वेटोळे स्वतःच चुंबक बनते आणि फिरणाऱ्या चुंबकाला मागे रेटू लागते. जितका प्रवाह अधिक, तितका विरोध अधिक. या विरोधावर मात करण्यासाठी जे श्रम होतात, त्यांचीच वीज होते. विरोध नसता तर श्रम नसते, आणि श्रमांवाचून मिळालेली वीज जगात कोठेही नाही.

दुकानातील जनरेटर चालू असताना शीतकपाट सुरू झाले की इंजिन घोगऱ्या आवाजात गुरगुरते, ते याच कारणाने. वेग किंचित उतरतो, इंजिनाचा गतिनियामक ते ओळखतो आणि अधिक डिझेल सोडतो. घरातील प्रत्येक दिव्याचा हिशेब त्या क्षणी डिझेलच्या टाकीत लिहिला जात असतो.

हा हिशेब आकड्यांत मांडला तर डोळे उघडतात. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा साठलेली असते; चांगल्या संचातून तिच्यातील तीन-साडेतीन युनिट वीज हाती येते, बाकीची उष्णता होऊन धुराड्यातून आणि इंजिनाच्या अंगातून निघून जाते. हा पेढीचा बट्टा, आणि तो जबर आहे. त्यात जनित्राचा वाटा थोडा असतो. बहुतेक सारी तूट इंजिनाच्या खात्यावर पडते. माणसाने सायकल मारून वीज करायची म्हटली, तर सशक्त तरुणाला एका युनिटसाठी सुमारे दहा तास न थांबता पायडल मारावे लागेल. महावितरणच्या देयकात जो आकडा डोळ्यांखालून सहज निघून जातो, त्यातील एकेका युनिटमागे एका मनुष्याचा दिवसभराचा घाम आहे.

सह्याद्रीचा उतार

महाड-पोलादपूरच्या डोक्यावर उभा असलेला सह्याद्री या जमाखर्चाचा सर्वांत मोठा खातेदार आहे. कोकणात पडणारा पाऊस अफाट, आणि घाटमाथा कोकणापासून अर्धा किलोमीटरहून अधिक उंच. ही उंची म्हणजे साठवलेले धन. जमशेटजी टाटा यांनी हे ओळखले होते. त्यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १९१५ साली, लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोली येथे आणून केलेली वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. सुमारे पाचशे मीटर खाली आलेले पाणी नळाच्या तोंडातून झोताने सुटते, चाकावरील वाट्यांवर आदळते, चाक फिरते आणि त्याच्या दांड्यावरील चुंबक वेटोळ्यांमध्ये फिरू लागते. तत्त्व सायकलच्या डायनॅमोचेच, फरक आकाराचा.

येथेही हिशेब कठोर आहे. घराच्या गच्चीवरील हजार लिटरच्या टाकीइतके पाणी पाचशे मीटर उंचीवरून खाली सोडले, तर यंत्रातील तूट जाऊन हाती जेमतेम एक युनिट वीज येते. म्हणून डोंगराएवढी उंची आणि तलावभर पाणी, दोन्ही लागतात. रायगड जिल्ह्यातीलच भिरा येथील वीजगृह १९२७ साली सुरू झाले; त्याला पाणी मिळते ते मुळशीच्या धरणातून. त्या धरणात ज्यांच्या जमिनी आणि घरे बुडणार होती त्या मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झाले, गावे गेली. विजेच्या खतावणीत नावे पडलेली ही रक्कम देयकावर छापली जात नाही.

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा घाट ज्या पठारावर पोहोचतो, तेथे सावित्री उगम पावते आणि पश्चिमेस उतरून पोलादपूर व महाडवरून समुद्रास मिळते. त्याच पठारावर उगम पावणारी कोयना मात्र दक्षिणेस वळते आणि पुढे कृष्णेला मिळते. अभियंत्यांनी तिचे पाणी शिवाजीसागर जलाशयात अडवून बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम अंगास, चिपळूणच्या बाजूला उतरवले. पोफळी येथील भूमिगत वीजगृहातून १९६२ साली वीज वाहू लागली, आणि आज प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॉट आहे. औष्णिक केंद्राला पूर्ण जोमात येण्यास तास लागतात; जलविद्युत यंत्राची झडप उघडली की काही मिनिटांत ते भार उचलते. सायंकाळी घरोघरी एकदम दिवे लागतात तेव्हा ही तत्परता उपयोगी पडते.

डीपीचे दोन दरवाजे

सरळ एका दिशेने वाहणाऱ्या प्रवाहापेक्षा उलटसुलट वाहणारा प्रवाह जगाने का स्वीकारला, याचे उत्तर गावाच्या वेशीवरील डीपीत आहे. तिला ग्रंथांत रोहित्र म्हणतात. लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी. एकातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की गाभ्यातील चुंबकीय बल सतत बदलते आणि दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. येथे काही फिरावे लागत नाही, कारण प्रवाह स्वतःच पालटत असतो. दुसऱ्या वेटोळ्याचे फेरे कमी असतील तर दाब उतरतो, अधिक असतील तर चढतो. म्हणून वीज दूरवर नेताना दाब चढवून तारांतील तूट कमी करता येते आणि घराजवळ तो उतरवता येतो. गावाकडे येणाऱ्या ११,००० व्होल्टच्या तारेचे डीपीत ४०० व्होल्ट होतात आणि एका फेजवर घरात २३० व्होल्ट मिळतात.

परंतु डीपीला आत आणि बाहेर यांतील भेद कळत नाही. ज्या दरवाजाने २३० व्होल्ट बाहेर पडतात, त्याच दरवाजाने कोणी २३० व्होल्ट आत ढकलले, तर पलीकडच्या तारेवर ११,००० व्होल्ट उभे राहतात. हे वाक्य प्रत्येक जनरेटरमालकाने पाठ करावे. वीज गेली म्हणून एखादा माणूस जनरेटरची तार भिंतीवरील प्लगात खोचतो आणि मुख्य स्विच बंद करण्यास विसरतो. घरात दिवे लागतात, आणि तीच वीज मीटरमधून उलट बाहेर पडून डीपीपर्यंत पोहोचू शकते. त्या वेळी दोन किलोमीटरवर एखादा वायरमन, लाइन बंद आहे या भरवशावर, तुटलेली तार जोडण्यासाठी खांबावर चढलेला असतो. पूर किंवा वादळ ओसरल्यावर सर्वांत आधी चिखलातून जाणारा मनुष्य तोच असतो. आपल्या घरातील चार दिव्यांसाठी त्याचा प्राण जाणे, हा तोटा कोणत्याही खात्यात बसत नाही.

यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे. मुख्य पुरवठा आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच असावा, आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा. या स्विचची मूठ एका वेळी एकाच बाजूला असते. एक दार उघडले की दुसरे बंद झालेच पाहिजे. दोन्ही टोकांना पिन असलेली तार घरात कोणी करून ठेवली असेल, तर ती आजच तोडून टाकावी.

दुकानात आणि घरात

भाराचा अंदाज बांधताना केव्हीए आणि किलोवॉट यांत गल्लत होते. १० केव्हीएचा संच म्हणजे साधारणतः ८ किलोवॉट उपयुक्त भार. शिवाय मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. म्हणून पाण्याचा पंप आणि शीतकपाट एकाच वेळी सुरू करू नयेत. एक स्थिरावल्यावर दुसरे. उलटपक्षी फार मोठा संच घेऊन त्यावर दोन दिवे लावणे हाही आतबट्ट्याचाच व्यवहार. डिझेल इंजिन अल्प भारावर दीर्घकाळ चालवले तर आत काजळी साठते.

जागेचा विचार महाडसारख्या गावात सर्वांआधी करावा. संच तळमजल्यावर, गोदामाच्या कोपऱ्यात ठेवण्याची रीत सोयीची दिसते. पण पाणी पहिल्यांदा तेथेच येते, म्हणजे ज्या दिवसासाठी यंत्र घेतले त्याच दिवशी ते बुडते. मागील पुराची रेघ भिंतीवर कोठवर होती हे पाहून त्याहून उंच, पक्का चौथरा किंवा मजला निवडावा. संचाचे वजन काहीशे किलो असते, म्हणून गच्चीवर चढवण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. बुडालेला संच वाळल्यासारखा दिसला तरी सुरू करू नये. इंजिनाच्या नळकांड्यात पाणी राहिले असेल तर पहिल्याच फेरीत आतला दांडा वाकतो, आणि ओल्या वेटोळ्यांत वीज गेली की ती जळतात. कारागिराकडून तेल बदलून, वेटोळी वाळवून आणि तपासून घेतल्यावरच त्याला हात लावावा.

धुराबद्दल हयगय करू नये. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. पावसात यंत्र भिजते म्हणून ते बंद खोलीत, जिन्याखाली किंवा शटर ओढलेल्या दुकानात चालवणे म्हणजे त्या वायूला घरात बोलावणे होय. संच उघड्यावर, छपराखाली, खिडक्यांपासून दूर असावा.

आणि महिन्यातून एकदा, आकाश निरभ्र असतानाही, तो अर्धा तास भार देऊन चालवावा. बॅटरी, तेल, गाभ्यातील चुंबकत्व आणि चालवणाऱ्या माणसाचा हात, चारही जागे राहतात. घरातील किमान दोन व्यक्तींना, आणि त्यांत एका गृहिणीला, चेंजओव्हरची मूठ कोणत्या बाजूला केव्हा वळवायची हे ठाऊक असावे; कारण आपत्तीच्या वेळी घरातील कर्ता पुरुष दुकानात किंवा पाण्यापलीकडे अडकलेला असू शकतो.

रस्ते बंद झाले की डिझेलही येत नाही. म्हणून टाकीत आहे तेवढ्यावर किती तास निघतील याचा हिशेब पावसाळ्यापूर्वीच मांडावा आणि प्रथम काय चालवायचे ते ठरवून ठेवावे: आजाऱ्याचे यंत्र, पिण्याच्या पाण्याचा पंप, मोबाइलचे चार्जिंग, एक दिवा. शेजाऱ्याचा मोबाइल आपल्या घरी चार्ज झाला तर वीज अगदी थोडी लागते. पण ज्या रात्री गावाचा संपर्क तुटलेला असतो, त्या रात्री तेवढ्याने एखाद्या घराची हाक बाहेर पोहोचू शकते.